बॉयलरचा स्टे बोल्ट वाकतो म्हणून टिकतो

२०२५ साली संसदेने नवा बॉयलर कायदा पास केला आणि १९२३ चा जुना कायदा गेला, ही बातमी बहुतेकांनी वाचलीच नसणार किंवा वाचून पुढे सरकवली असणार, कारण बॉयलर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फार तर न्हाणीघरातला बंब येतो. माझा भाचा मात्र डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, त्याला कॉलेजात कुणीतरी सांगितलं की वाफेच्या बॉयलरमधे दोन प्लेटी एकमेकींना धरून ठेवणारे स्टे बोल्ट असतात आणि ते मधे मुद्दाम घासून बारीक केलेले असतात. झालं, चवथीला घरी आला तो गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधता बांधता हेच घेऊन बसला. "मामा, बारीक केला तर बोल्ट कमजोर होणार नाही? आणि एवढ्या प्रेशरच्या वस्तूत कमजोर बोल्ट कोण घालतं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर सरळ वाटत नाही, म्हणून जरा बैजवार लिहितो. माझी सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला गेली आणि आमचे एक काका मीटर गेजच्या काळात रेल्वेत बॉयलरच्या कामावर होते, त्यांच्याकडून ऐकलेलंही यात आहे.

आधी बॉयलर आणि त्यातली पेटी

घरचा कुकर म्हणजे छोटा बॉयलरच. पाणी बंद भांड्यात तापवलं की वाफ कोंडते, प्रेशर वाढतं. कुकरमधे ते साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो. (जुन्या कायद्यातून अशी छोटी भांडी वगळलेली होती, नाहीतर इन्स्पेक्टर आपल्या स्वयंपाकघरात आला असता.) मीटर गेजवर आपल्या देशात वायपी नावाची इंजिनं धावायची, बरीचशी जमशेदपूरला टेल्कोने बांधलेली, त्यांचं प्रेशर चौरस इंचाला २१० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ पंधरा किलो. पंधरा कुकर एकावर एक. एवढ्या प्रेशरखाली पाणी १०० अंशाला उकळतच नाही, ते २०० अंशाच्या आसपास जातं.

आता इंजिनात आग कुठे असते? बॉयलरच्या मागच्या टोकाला एक लोखंडी पेटी असते, फायरबॉक्स, तिच्यात कोळसा जळतो. ही पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत बसवलेली असते आणि दोन्हींच्या मधे चार-पाच इंच पोकळी, तिच्यात पाणी. म्हणजे आगीला चारी बाजूंनी आणि वरून पाण्याची भिंत. खाली तळाशी दोन्ही पेट्या एका जाड लोखंडी चौकटीला घट्ट बांधलेल्या असतात. ही चौकट लक्षात ठेवा, पुढे ती गोंधळ घालणार आहे.

गादीला टाके का घालतात?

गोल वस्तू प्रेशर सहज सोसते. फुगा, सिलिंडर, सगळं गोल असतं ते उगाच नाही. सपाट पत्रा मात्र आतून दाब आला की फुगायला बघतो, कारण त्याला गोल व्हायचं असतं. आणि फायरबॉक्सच्या भिंती सपाट असतात, कारण कोळशाला पसरायला चौकोनी जागा लागते.

आता कापसाची गादी बघा. नुसती खोळ शिवून कापूस भरला तर तिचा लोड होईल. म्हणून पिंजारी वीत-वीतभर अंतरावर वरच्या कापडातून खालच्या कापडापर्यंत आरपार टाके घालतो, मग गादी सपाट राहते. स्टे बोल्ट म्हणजे हाच टाका. बाहेरच्या प्लेटमधून पाणी ओलांडून आतल्या प्लेटपर्यंत गेलेला, दोन्ही प्लेटना एकमेकींना धरून ठेवणारा. साधारण दर दहा सेंटिमीटरवर एक, आडवे-उभे ओळीत, एका मोठ्या इंजिनात हजाराच्या घरात.

बसवायची पद्धतही बघण्यासारखी. दोन्ही प्लेटींतून एकाच लांब टॅपने (आटे पाडायचं हत्यार) एका दमात आटे पाडायचे, कारण एका प्लेटचे आटे दुसऱ्या प्लेटच्या आट्यांशी ताल सोडून असतील तर बोल्ट दुसऱ्या भोकात शिरतानाच अडकतो. मग बोल्ट आत फिरवत नेऊन दोन्ही टोकं हातोड्याने ठोकून पसरवायची. हजार बोल्ट, दोन हजार टोकं. काकांना म्हातारपणी कमी ऐकू यायचं, ते याच ठोकाठोकीमुळे असं काकी म्हणायच्या.

एका टाक्यावर वजन किती?

गणित सोपं आहे. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा एका बोल्टच्या वाट्याला, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, गुणिले पंधरा किलो, झाले दीड टन. एकेका बोल्टला तीन म्हशी लटकवल्यासारखं. आणि दीड मीटर उंच, दोन मीटर लांब अशी एक अख्खी भिंत धरली तर साडेचारशे टनांच्या जवळपास, म्हणजे खाणीवरचे दहा टनी भरलेले ट्रक चाळीसच्या वर. आणि भिंत किती जाड? आतली स्टीलची प्लेट जेमतेम एक सेंटिमीटर.

हे ऐकून कुणीही म्हणेल की बोल्ट चांगला जाडजूड हवा. पण थांबा. २४ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घेतला तर हे दीड टन त्याच्या पोटात चौरस मिलिमीटरला फक्त सव्वातीन किलो पडतात, आणि साधं स्टील साधारण पंचवीस किलोपर्यंत ताणलं तरी सोडलं की मूळ जागी येतं. म्हणजे ओढायच्या बाबतीत बोल्ट आरामात आहे, सातपट ताकद शिल्लक आहे. तरीही जगभरच्या इंजिन शेडमधे स्टे बोल्ट तुटायचे, बदलायचे, परत तुटायचे. कशाने?

खरा मारेकरी : अर्धा मिलिमीटर

लोखंड तापलं की वाढतं, हे शाळेत रुळांच्या फटीवरून शिकलोय. एक मीटर स्टील १०० अंशांनी तापलं तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. तांबं त्याहून जास्त, जवळपास पावणेदोन, आणि इंग्लंडकडच्या इंजिनांत आतली पेटी पुष्कळदा तांब्याचीच असायची.

आता आतल्या पेटीच्या एका बाजूला हजाराच्या वर अंशांची आग, बाहेरच्या पेटीला आग माहीतच नाही. दोन्ही स्टीलच्या धरल्या आणि आतली फक्त चाळीस अंशांनी जास्त गरम धरली तरी दीड मीटर उंचीत ती बाहेरचीपेक्षा पाऊण मिलिमीटर जास्त वाढते. आणि तळाला ती मघाची जाड चौकट, ती दोघींना खाली हलू देत नाही, त्यामुळे सगळा फरक वर वर साठत जातो. खालच्या ओळीतल्या बोल्टला काही कळतही नाही, वरच्या ओळीतल्या बोल्टचं आतलं टोक मात्र बाहेरच्या टोकापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर वर सरकलेलं असतं. कोपऱ्यांतही तेच. म्हणून बोल्ट तुटायचे ते वरच्या ओळींत आणि कोपऱ्यांत, मधल्या बोल्टना फारसं काही व्हायचं नाही.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, नखाएवढंही नाही, असं वाटेल. पण बोल्टची लांबी सव्वाशे मिलिमीटर आणि दोन्ही टोकं प्लेटमधे घट्ट आवळलेली, म्हणजे त्याला इंग्रजी एस अक्षरासारखं वाकावं लागतं. हिशोब केला तर त्या २४ मिलिमीटरच्या बोल्टच्या कडेला चौरस मिलिमीटरला सत्तेचाळीस किलोचा ताण येतो. प्रत्यक्षात प्लेटही थोडी वाकते त्यामुळे तेवढा येत नाही, पण ओढण्याचे सव्वातीन कुठे आणि वाकवण्याचे सत्तेचाळीस कुठे. म्हशींनी बोल्ट तुटत नाही, या अर्ध्या मिलिमीटरने तुटतो.

तोही एका दिवसात नाही. तार तोडायची असेल आणि पक्कड नसेल तर आपण ती इकडे-तिकडे वाकवत राहतो, दहा-बारा वेळा केलं की तटकन तुटते. धातू थकतो, त्याला फटीग म्हणतात. इंजिन पेटवलं की बोल्ट वाकला, थंड केलं की सरळ झाला, एक फेरी. मुरगाव ते कॅसलरॉक ही आपली लाईन १८८८ ची, तिचा घाट ३७ ला १ असा चढाचा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. असल्या घाटात चढताना आगीला जोर द्यायचा आणि उतरताना ती शांत ठेवायची, म्हणजे एकाच दिवसात ताप-थंड, ताप-थंड. शिवाय वाकलेल्या जागी बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं, गंज लागतो आणि चीर अजून खोल जाते.

मग बोल्ट जाड करा की!

भाच्याचं हेच म्हणणं होतं, आणि इथेच सगळी गंमत आहे. २४ च्या जागी ३६ मिलिमीटरचा बोल्ट टाकला तर ओढण्याचा ताण सव्वातीनवरून दीडवर येतो, छान. पण वाकण्याचा ताण सत्तेचाळीसवरून सत्तरवर जातो! कारण सरकायचं अंतर तेवढंच आहे, ते प्लेट ठरवते, बोल्ट नाही. जाड वस्तू तेवढीच वाकवली तर तिची बाहेरची कड जास्त ताणली जाते. पोळी दुमडते, भाकरीला तडा जातो. वर आणखी एक, जाड बोल्ट स्वतः वाकला नाही तर तो प्लेटला वाकवतो, भोकाजवळचे आटे सैल होतात आणि तिथून गळती लागते.

म्हणजे बोल्टकडून आपल्याला दोन उलट गोष्टी हव्यात. ओढलं तर हटायचं नाही, बाजूला ढकललं तर मुकाट वाकायचं. आडमुठा नको. फेरीबोट धक्क्याला दोराने बांधतात तसं, दोर तुटत नाही आणि भरती-ओहोटीला बोट वर-खाली होऊ देतो. तिथे कुणी लोखंडी पहार वेल्ड करून बोट धक्क्याला जोडली तर पहिल्या भरतीतच काहीतरी उखडेल.

पणजीला मांडवीवरचा २०१९ साली सुरू झालेला अटल सेतू बघा, त्याच्या त्या तिरक्या केबल्सनाही स्टे असंच म्हणतात. त्यातली प्रत्येक केबल म्हणजे एकच जाड सळी नसते, बारीक तारांचा जुडगा असतो. ओढायला सगळ्या तारा एकत्र येतात, वाकायला प्रत्येक तार आपली आपली बारीक. बोल्टला असा जुडगा करता येत नाही कारण दोन्ही टोकांना आटे लागतात आणि भोकातून पाणी गळता कामा नये. पण विचार तोच.

बरं, मग भारी स्टील वापरा

हाही प्रश्न येतो. लोकांना वाटतं जास्त ताकदीचं स्टील म्हणजे जास्त लवचिक, स्प्रिंगसारखं. तसं नाही. साधं स्टील असो की महागडं, ठरावीक अंतर वाकवायला लागणारा जोर सगळ्या स्टीलना जवळजवळ सारखाच लागतो. म्हणजे ते सत्तेचाळीस किलो सत्तेचाळीसच राहतात. भारी स्टील तुटायला जास्त वेळ घेईल हे खरं, पण त्यावर ओरखडा किंवा आट्याची खाच असली की ते जास्त चटकन चिरतं, आणि बॉयलरच्या पाण्यात गंजाची भर.

म्हणून जुने लोक उलटे गेले, नरम धातूकडे. स्टे बोल्टसाठी घडीव लोखंड वापरायचे, त्याच्या पोटात लांबीच्या दिशेने धागे असतात, माडाच्या खोडात असतात तसे, त्यामुळे चीर आडवी धावत नाही, धाग्याशी अडकते. तांब्याच्या पेटीला तांब्याचे बोल्ट, कारण तांबं स्टीलपेक्षा बऱ्याच कमी जोरात वाकतं. पुढे मोनेल म्हणून निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू आला, गंज लागत नाही आणि गरम असतानाही ताकद टिकते, महाग होता पण जिथे बोल्ट तुटायचे तेवढ्या ओळींत घालायचे.

कंबर बारीक, मान मोकळी

आता खरं डिझाईन. पहिला उपाय तोच जो भाच्याने ऐकला होता. टोकांना आटे आहेत तिथे बोल्ट जाड ठेवायचा, मधला भाग लेथवर उतरवून आट्याच्या तळापेक्षाही बारीक आणि गुळगुळीत करायचा. असं का? आट्याची प्रत्येक खाच म्हणजे तयार चीर, बोल्ट पूर्ण आट्यांचा असेल तर सगळं वाकणं प्लेटच्या तोंडाशी एका खाचेत जमा होतं. कंबर बारीक केली की वाकणं मधल्या गुळगुळीत भागात पसरतं. २४ ची १८ केली तर ओढण्याचा ताण सव्वातीनवरून पावणेसहावर जातो, चालेल, पंचवीसपासून लांब आहे. वाकण्याचा सत्तेचाळीसवरून पस्तीसच्या आसपास येतो. म्हणजे बोल्टमधली वापरात नसलेली ताकद घासून टाकली आणि तिच्या बदल्यात वाकायची मोकळीक विकत घेतली. जाड टोक आणि बारीक कंबर जोडणारा भाग मात्र गोलाईने उतरवायचा, पायरी ठेवली तर तिथेच तुटणार.

दुसरा उपाय लांबीचा. बोल्ट लांब केला की फायदा वर्गाच्या हिशोबाने मिळतो, दुप्पट लांबीला पाव ताण. सव्वाशेचा दोनशे मिलिमीटर केला तर सत्तेचाळीसचे अठरा होतात, जाडीला हातही न लावता. म्हणून चांगले डिझायनर पाण्याची पोकळी वरच्या बाजूला रुंद करत न्यायचे, वाफेच्या बुडबुड्यांना वर जायला जागा होते हाही फायदा. पण पोकळी किती रुंद करणार, इंजिनाची रुंदी ठरलेली, मीटर गेजवर तर जास्तच अडचण.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. आपल्या खुब्याचा सांधा असतो ना, वाटीत गोळा, तसा. बोल्टचं बाहेरचं टोक गोल डोक्याचं करायचं, बाहेरच्या प्लेटवर एक वाटी बसवायची, डोकं त्या वाटीत टेकतं आणि फिरू शकतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या फ्लॅनरी बोल्ट कंपनीचे टेट नावाचे असे बोल्ट पुष्कळ चालले. एक टोक फिरतं ठेवलं की वाकण्याचा ताण थेट निम्मा होतो, आणि कंबरही बारीक केली तर पस्तीसचे साडेसतरा. त्यात ओढण्याचे पावणेसहा मिळवले तरी तेवीसच्या आसपास, म्हणजे आता कुठे गाडी पंचवीसच्या आत आली.

हलतं डोकं म्हणजे वाफ गळणार नाही का? नाही, कारण वाटीच्या वरून आट्याची टोपी घट्ट बसवतात, गळती टोपी अडवते, डोकं फक्त ओढ घेतं. पण वाटीत खार साचला तर डोकं जाम होतं आणि बोल्ट परत आडमुठा, वर तसा दिसतही नाही. दुसरं म्हणजे असे बोल्ट सैल राहून चालत नाहीत. शेजारी पक्के बोल्ट असतील तर सैल बोल्ट काहीच ओढत नाही आणि त्याच्या वाटच्या म्हशी शेजाऱ्याच्या गळ्यात. घट्ट टेकलेलं पण फिरतं, हे जमवायला हात लागतो.

सगळं सोडा, प्लेटच जाड केली तर?

आतल्या प्लेटला दोन कामं आहेत, प्रेशर सोसायचं आणि आगीची उष्णता पाण्याला द्यायची. जाड केली की दुसरं काम बिघडतं, आगीकडची बाजू पाण्याकडच्या बाजूपेक्षा खूप जास्त तापते आणि प्लेट स्वतःच स्वतःला चिरते. जाड तव्यावर घावन उशिरा होतो तसं, फक्त इथे तवाच फुटतो. गोल भट्टी हा उपाय खरा आहे, इंग्लंडमधे सॅमसन फॉक्सने १८७७ साली नागमोडी पत्र्याची गोल भट्टी काढली, जहाजांच्या बॉयलरांत ती खूप चालली, पण तिथेही मागच्या सपाट पेटीला स्टे बोल्ट लागायचेच. सुटका नाही.

तुटला ते कळणार कसं?

बोल्ट दोन प्लेटींच्या मधे, पाण्यात, दिसत नाही. एक तुटला तर बॉयलर लगेच फुटत नाही, त्याचे दीड टन आजूबाजूच्यांवर वाटले जातात. पण शर्टाचं एक बटण तुटलं की शेजारच्या बटणावर ताण येतो तसं, दुसरा लवकर तुटतो, मग तिसरा, आणि मग प्लेट फुगायला लागते.

जुनी पद्धत हातोडीची. फणस पिकला की नाही ते आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसंच एकेक बोल्ट ठोकून बघायचा. अख्खा बोल्ट खणखणतो, तुटलेला बदबदतो. काका म्हणायचे की आवाजापेक्षा हाताला जास्त कळतं, हातोडी उसळून येते की बसून राहते त्यावरून.

दुसरी युक्ती फारच हुशार आहे. बोल्ट बहुतेक वेळा बाहेरच्या प्लेटला लागून तुटतो, कारण ती प्लेट जाड आणि हट्टी, आतली त्या मानाने थोडी वाकून घेते. म्हणून बाहेरच्या टोकातून मधोमध साधारण पाच मिलिमीटरचं भोक पाडतात, प्लेटच्या पलीकडे जाईल एवढं खोल, सव्वा इंच वगैरे. बोल्टला चीर पडून ती या भोकापर्यंत पोचली की भोकातून वाफेची बारीक पिचकारी येते. बोल्ट पूर्ण तुटायच्या आधीच चहाडी करतो. टोपीवाल्या बोल्टांची हीच अडचण, टोपीखाली चहाडी ऐकू येत नाही, त्या ठरावीक काळाने उघडून बघाव्या लागतात.

इंजिनं तर गेली, आता काय?

इंजिनं गेली, स्टे बोल्ट नाही गेले. (तसाही १९२३ चा कायदा रेल्वेच्या इंजिनांच्या बॉयलरना लागू नव्हता, ते रेल्वे स्वतःच बघायची.) कारखान्यांत तेलावर किंवा लाकडावर चालणारे गोल पोटाचे बॉयलर असतात ना, त्यातल्या काहींच्या मागच्या टोकाला पाण्याने वेढलेली पेटी असते, जळालेले वायू तिथून वळून परत पुढे येतात. तिची मागची भिंत सपाट, आणि ती बाहेरच्या प्लेटला धरून ठेवतात आखूड स्टे. आता ते आट्यांचे नसतात, वेल्ड केलेले असतात, त्यामुळे आट्यांच्या खाचा गेल्या पण टोकं अजूनच घट्ट झाली, म्हणजे वाकायची जागा वेल्डच्या तोंडाशी. अर्धा मिलिमीटर अजून तोच आहे. सकाळी घाईघाईने प्रेशर चढवणं, गरम बॉयलरमधे थंड पाणी सोडणं, शनिवारी बंद सोमवारी चालू, यातल्या प्रत्येक वेळी तार एकदा वाकते.

आपल्याकडे बॉयलरची तपासणी करणारं खातं पणजीला आल्तिनोवर आहे, फॅक्टरीज आणि बॉयलर्सचं. भाच्याला पुढच्या वर्षी कुठल्यातरी कारखान्यात ट्रेनिंगला जायचंय, त्याला सांगितलंय की तपासणीच्या आधी बॉयलर उघडतील तेव्हा मागे जाऊन त्या आखूड स्टेंची टोकं बघ, भोकं असतील तर त्यात तार घालून बघ तळापर्यंत मोकळी आहेत का. कारण इन्स्पेक्टर येणार म्हणून बॉयलरला झकास रंग मारतात आणि रंगारी बिचारा प्रत्येक भोक गुळगुळीत बुजवून टाकतो. मी एका ठिकाणी स्वतः अख्ख्या ओळीतला रंग खिळ्याने टोकरून काढलाय, दोन तास गेले, आणि एका भोकातून रंगाच्या मागोमाग ओल आली.